अंगात लोखंड आहे का?

बस जरा. माझ्या भाचीनं पाठवलेलं सामान राहू दे तिथंच, आत जायच्या आधी माझं ऐक. तोंडात कोकाची पानं धर, नाहीतर एवढ्या उंचीवर डोकं धरेल तुझं. माझ्या बहिणीची, बासिलियाची गोष्ट सांगतो. मधेमधे हसू येईल, खुशाल हस. शेवट मात्र वाईट आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या पोतोसीत बायकांना खाणीत घेत नाहीत, अपशकुन म्हणतात. नवरा आत मेला की बायको बाहेरच्या ढिगावर बसते अन् टाकून दिलेले दगड हातोडीनं फोडून त्यातलं जस्त, चांदी वेचते. बासीनं पोरगी त्यावरच वाढवली.

मग उजव्या छातीत गाठ लागली. मी ट्रकात घालून तिला खाली सुक्रे शहरातल्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण तरणी, ओरेयाना नावाची, बोलायला मोकळी. छातीचा फोटो काढला तर सगळं पांढरं.

"धुकं आहे मावशी. मांस दाट आहे तुमचं."

"मग? पोरीला दूध पाजलंय, पाणी नाही," बासी म्हणाली.

सोनोग्राफीत एक गाठ दिसली, बारक्या बटाट्याएवढी. डॉक्टरीण म्हणाली, "एवढीच असेल तर एवढीच काढते, छाती राहील. पण धुक्यात आणखी काय लपलंय ते एमआरआयशिवाय कळायचं नाही. अन् सगळी काढायची वेळ आली तर खांदा आखडेल, हातोडी बंद."

"हातोडी बंद करून मी काय शिट्ट्या मारू? छोटंच काप."

एमआरआय ठरला. आत सोडायच्या आधी तिथला माणूस विचारतो, अंगात लोखंड आहे का?

"असतं तर विकलं नसतं का रे?"

तो हसला. मग विचारलं, काम काय करता? तिनं सांगितलं. त्याचं हसू गेलं. डोळ्यांचा एक्स-रे काढला, तर डाव्या डोळ्यात पार मागं पोलादाची कपची. हातोडीची उडालेली. ते मशीन म्हणजे भलामोठा चुंबक, कपची हलली तर डोळा जायचा.

"अहो, ढिगावरच्या सगळ्याच बायकांच्या डोळ्यात कचरा आहे! कुणाचा फुटला?"

ऐकतो कोण. कपची काढायची म्हटलं, तर काढतानाच नजर जाईल म्हणाले. शिरेत औषध सोडून काढायचा आणखी एक फोटो होता. त्यासाठी रक्त तपासलं, तर किडन्या अर्ध्या गेलेल्या. ते औषध झेपणार नाही. ढिगाखालचं विषारी पाणी आम्ही सगळेच पितो बाबा.

शेवटी डॉक्टरीण तिच्यासमोर बसली, हात हातात घेतला.

"मावशी, न बघता लहान कापणं मला पटत नाही. सगळी काढू."

"तुला एक दिसली ना? ती काढ."

"आणखी निघाल्या तर?"

"तर म्हण, मी सांगितलं होतं."

काढली. तपासलं, तर कापलेल्या कडेला रोग. पुन्हा कापलं, पुन्हा कडेला रोग. मग सगळीच काढली, तेव्हा त्या धुक्यात आणखी गाठी सापडल्या. डॉक्टरीण 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही.

आता पाठीच्या हाडात गेलंय. हात उचलत नाही. सूप मी भरवतो, तर म्हणते, "दादा, ट्रकात तेल ओतल्यासारखं ओतू नको रे."

तू शहरातून आलायस. आत गेलास की आधी हेच विचारेल, लोखंडाला न घाबरणारं मशीन आलंय का? येईल त्याला विचारते. मागं एका भल्या माणसानं हो म्हटलं. तिनं गाठोडं बांधलं, सणाचा घागरा चढवला, अन् दारात बसली. मला म्हणे, ट्रक काढ. अंधार पडला तरी आत येईना.

तेव्हा एवढं कर माझ्यासाठी. तिनं विचारलं की हो म्हणू नकोस.