माईक, मुतारी आणि भागवतरावांचं नाव

हॅलो, हॅलो. दचकू नका, कुणी फुंकर मारलेली नाही. मी माईकच बोलतोय. आजवर दुसऱ्यांचं बोलणं मोठं करत आलो, आज जरा माझं ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला शुद्ध आली ती मुखेडला, नजीरभाईंच्या मंडप डेकोरेशनच्या दुकानात. त्यांनी माझ्या डोक्यावर लाल स्पंजचं टोपडं चढवलं, बटण दाबलं आणि म्हणाले, "बोल रे राजा." मी कुंईऽऽ करून ओरडलो. ते खूश झाले. मग काय, लग्नं, बारशी, सप्ते, सत्कार! आसपासच्या गावांत माझ्याशिवाय पान हलेना.

हातांवरून मी माणूस ओळखतो. बाप्या माणूस मला आधी गच्च धरतो, मग फुंकर, मग टिचकी, मग म्हणतो, "फक्त दोन शब्द बोलतो." त्या दोन शब्दांत जेवणाच्या पंगतीतला भात गार होतो. बाईमाणूस मला धरतं ते तापलेलं उलथनं धरल्यासारखं, लांब. पहिलं वाक्य ठरलेलं, "माझं काही चुकलं तर माफ करा." अहो, अजून काही बोललाच नाहीत, माफ काय करू? आणि तेवढ्यात शेजारचा कुणीतरी मला तिच्या हातातून काढून घेतो, "चालू हाय का बघू." मी चालूच असतो हो. पण तो बघून परत देईपर्यंत तिचं बोलणं बंद पडलेलं असतं.

मलाही वाटायचं, बायांचा आवाजच बारीक. त्याला मी तरी काय करणार?

मुखेडजवळच्या एका गावात सरपंचपद बायांसाठी राखीव झालं. प्रचाराच्या रिक्षात मीच होतो. दिवसभर ओरडत होतो, "भागवतरावांच्या सौभाग्यवतींना प्रचंड मतांनी विजयी करा!" सौभाग्यवतींचं नाव उज्वला, हे मला निकालाच्या दिवशी कळलं. मिरवणुकीत हार भागवतरावांच्या गळ्यात पडले. उज्वलाताईंना घरी गेल्यावर त्यातला एक मिळाला.

भागवतराव माणूस वाईट नाही. प्रत्येक ग्रामसभेत ते मला हाती घेऊन सांगायचे, "सरपंचांच्या वतीनं मी बोलतो." सरपंच शेजारच्या खुर्चीत पदर सावरून बसलेल्या. घरी म्हणायचे, "तुला कामून तरास? मी हाय की." हे ते अगदी मायेनं म्हणायचे. त्यामुळं उज्वलाताईंना रागवायलाही जागा उरायची नाही.

एका वर्षी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेसाठी नजीरभाईंनी मला आदल्या दिवशीच गावात आणून ठेवलं. कारण त्या दिवशी महिला सभा होती. महिला सभा म्हणजे बाया जमल्या, ग्रामसेवक ईश्वरप्पांनी कसलीशी योजना वाचली, बाया गप्प. "कुणाला काही बोलायचं?" बाया आणखी गप्प. मला एक शब्द खायला मिळाला नाही. ईश्वरप्पा उठून गेले आणि लगेच तिथंच संक्रांतीचं हळदीकुंकू सुरू झालं.

आणि मग जे झालं, त्यानं माझं टोपडंच उडालं!

त्याच बाया, त्याच. मला एकीच्या हातातून दुसरी हिसकून घेत होती. "आण इकडं, माझं व्हायचंय!" उखाण्यांचा नुसता पाऊस. सरपंचांच्या सासूबाई केवळाबाई, बाजारात भाजी विकणाऱ्या, त्यांनी तर मला ओठांनाच लावलं,

"आगटीतल्या हुरड्याला लसणाची चटणी बरी,
ग्यानोबा पारावर वाघ, अन् मांजर माझ्या घरी!"

पारावर बसलेल्या ग्यानोबांपर्यंत ते भोंग्यातून पोचलं. त्यांनी मिशी पुसली आणि झाडाकडं बघत बसले.

मी मनात म्हटलं, मर्दा, आवाज बारीक नव्हता. ह्यांना 'बोला' म्हटलेलं कळत नाही, 'नाव घ्या' म्हटलेलं कळतं.

हसणं ओसरल्यावर उज्वलाताई हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, उद्या सभेत मुतारीचं काढू का?"

गावात आठवडी बाजार भरतो. दिवसभर भाजी विकणाऱ्या बायांना जायला आडोसा नाही. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. केवळाबाईंना त्यापायी दोनदा दवाखाना झाला होता. पण पंचायतीच्या निधीतून गावाच्या वेशीवर कमान करायचं पारावर ठरलं होतं. भागवतरावांनी लातूरहून नकाशाही करून आणला होता, वर त्यांचं नाव सगळ्यात ठळक.

"सासऱ्याच्या तोंडासमोर मुतारी म्हणशील?" केवळाबाईंनी विचारलं.

"स्वच्छतागृह म्हणीन."

"ते म्हणेपर्यंत सभा उठंल, पोरी."

सभा मारुतीच्या देवळापुढं भरली. बाप्ये पुढं, बाया मागं. भागवतरावांनी कमानीचा ठराव मांडला आणि मला खाली ठेवणार, तोच उज्वलाताईंनी हात पुढं केला. "अहो, जरा द्या."

ते गोंधळले आणि सवयीनं टिचकी मारून मला त्यांच्या हाती दिलं.

त्यांच्या हातात जाताच मीच कुंई करून ओरडलो. समोर ग्यानोबा, शेजारी नवरा. उज्वलाताईंचा श्वास माझ्यातून भोंग्यात जात होता, अख्ख्या गावाला ऐकू जात होता, आणि शब्द काही येईना. पुढं कुणीतरी खुसकन हसलं. भागवतरावांनी मायेनं हात पुढं केला, "दे, मी सांगतो." गेलं, मी म्हटलं. आता ही कमान होणार.

"भाभी, चालू हाय, बिनधास बोला!" नजीरभाई मशीनमागून ओरडले.

आणि मागून केवळाबाईंचा आवाज आला, माझी गरज नसलेला आवाज, "ए पोरी, बोलू नको! नाव घे!"

"नाव घ्या, नाव घ्या!" सगळ्या बायांनी गिल्ला केला.

उज्वलाताईंनी डोळे मिटले. मला जवळ घेतलं. आणि सुटल्या!

"बाजाराच्या दिवशी बाया पाणी पीत न्हाईत घोटभर,
जायला जागा न्हाई कुठं, ऊन येतं डोक्यावर;
भागवतराव म्हणतात, कमान थांबू द्या वर्षभर,
आधी बायांची मुतारी बांधू, मग हार घालू दारावर!"

टाळ्या! शिट्ट्या! अहो, बाप्येसुद्धा टाळ्या वाजवून राहिले, उखाणा म्हटल्यावर हात आपोआप चालतात. मग एकेकाच्या ध्यानात आलं की आपण कशाला टाळ्या वाजवल्या. भागवतराव तर तोंड उघडं ठेवून बसले. असं ते कधी म्हणाले होते? पण बायकोनं भर सभेत नाव घेऊन सांगितलं. आता नाही म्हणायचं, तर आपल्याच नावावरून माघार घ्यायची.

"आता सरपंचाच्या मालकांनी बी नाव घ्यावं!" मागून हुकूम आला. रीतच ती, लग्नातही सुटका नसते.

भागवतरावांनी ग्यानोबांकडं पाहिलं. ग्यानोबा म्हणाले, "माझ्याकडं काय बघतूस? मी घरी मांजर हाय."

उज्वलाताईंनी मला त्यांच्यापुढं धरलं. हातात दिलं नाही बरं का, नुसतं धरलं. भागवतरावांनी नकाशाची घडी घातली, कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले,

"कमानीचा कागद ठेवला घडी घालून खिशात,
सरपंच उज्वलाचं नाव घेतो भर सभेच्या तमाशात!"

इतक्या सभांत त्यांनी ते नाव पहिल्यांदा घेतलं. ईश्वरप्पांनी हसत हसत विचारलं, "मुतारीच्या ठरावाला मंजुरी असेल त्यांनी हात वर करा." मागच्या सगळ्या बांगड्या एकदम वाजल्या. पुढचे हात उगवले जरा उशिरानं, पण उगवले.

आता मी म्हातारा झालोय. टोपडं फाटलंय, वायरीला चिकटपट्ट्या आहेत. नजीरभाईंनी बिनवायरीचा नवा माईक आणलाय, पण त्या गावची सभा असली की उज्वलाताई निरोप धाडतात, "तो जुनाच आणा." कमान अजून खिशातच आहे. मुतारी झाली, तिच्या भिंतीला निळा रंग आहे. नजीरभाईंच्या टेम्पोतून बाजारात गेलो की मला केवळाबाई दिसतात. ऐन दुपारी, भाजीच्या ढिगामागं बसून, पाराकडं बघत, तांब्याभर पाणी घटाघटा पितात.

एवढंच मागणं आहे. बाईच्या हातात मला दिलंत, तर परत घेऊन तपासू नका. मी चालूच असतो.