एका हेडफोनने ऐकलेली हाक

मी एक जुना हेडफोन आहे. जुना हे लोकांचं म्हणणं. माझं वय असेल पाच-सहा वर्षांचं. आमच्या वारज्याच्या घरात माझ्याहून कितीतरी थोराड मिक्सर आहे. तो सुरू झाला की खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे बघतात, पण त्याला कोणी जुना म्हणत नाही. 'चांगल्या काळातला' म्हणतात. हेडफोनच्या नशिबी चांगला काळ नसतो. पुढचं मॉडेल बाजारात आलं की आम्ही म्हातारे.

मित्रांनो, माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. दोन मऊ कान, डोक्यावरून जाणारा पट्टा आणि तोंडापुढे येणारी माइकची दांडी, असा माझा देह. ऐकायला दोन आणि बोलायला एक. माणसांनाही हेच प्रमाण मिळालेलं असतं, पण त्याचा त्यांना फारसा उपयोग झालेला मी पाहिला नाही.

मला योगेशने घेतलं. योगेश हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला आहे. टाळेबंदीत ऑफिस घरात आलं आणि त्याच्या लक्षात आलं, की घरात माणसं राहतात आणि ती बोलतात. तेव्हा त्याने मला मागवलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "काय क्लॅरिटी आहे!" असं तो दिवसातून दोनदा म्हणे. मग बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारा एक नवा हेडफोन आला, आणि मी त्याच्या मुलीकडे गेलो. तिचं नाव उत्कर्षा. तेव्हा तिची शाळाही माझ्यातच भरायची. मराठीच्या बाईंनी शिकवलेल्या विभक्त्या मला अजून पाठ आहेत. प्रथमेपासून संबोधनापर्यंत.

संबोधन म्हणजे हाक. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

शाळा परत शाळेत गेली, योगेशचं ऑफिस मात्र अर्धं घरीच राहिलं. त्याला शांतता हवी असे. एका संध्याकाळी त्याने उत्कर्षाच्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. बंदुका, पडकी शहरं, चौघांची टोळी आणि समोर शत्रू. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर प्रश्न आला, तुमचं वय अठरापेक्षा जास्त आहे का? योगेशने 'हो' दाबलं. खोटं कशाला बोलू, त्याचं होतंच. "तासभर खेळ," तो म्हणाला, "माझा कॉल आहे." त्याचा कॉल लांबला की तो तासही लांबायचा. तो खोलीतून डोकावून "थँक यू, बेटा" म्हणायचा.

त्या घरात मला खरं ओळखणारं एकच माणूस होतं. उत्कर्षाची आजी, सुशीलाबाई.

आजींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. डोक्यावर पट्टा, कानाला गोल चकती, तोंडापुढे बोलायचं शिंग. मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांनी माझी दांडी वर-खाली केली आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमचंच. फक्त हलकं झालंय." मग पदराने माझे कान पुसले. त्या घरात मला कोणी पुसलं, ते तेवढंच.

उत्कर्षा खेळायला बसली की त्या मागे खुर्ची ओढून बसत.

"लायनीवर कोण आहे?"

"साईनाथ आहे आजी. वाघोलीचा."

"ट्रंक कॉलच म्हणायचा. जेवला का विचार."

साईनाथ टोळीतला भिडू. दोघींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज माझ्या कानांतून यायचा, "आज्जीला सांग, भाकरी खाल्ली. अन् तुझ्या डाव्या हाताला दोघं हायेत, बघ."

एकदा आजींनी विचारलं, "तू ज्यांना मारतेस त्यांची नावं काय?"

"नावं नसतात गं त्यांना."

"मग ठीक आहे. नावं कळली की मला सांग. तेव्हा बोलू."

उत्कर्षा हसत सुटली होती.

आता ती हाक. आजी उत्कर्षाला नावाने कधीच बोलवत नसत. त्यांची एकच हाक, "मेले!" "मेले, जेवायला चल." "मेले, वेणी घाल ती." जुन्या बायका ज्या मुलीवर जीव टाकतात तिलाच अशी हाक मारतात. मराठीच्या बाईंच्या भाषेत, संबोधन. आणि खेळात गोळी लागली की उत्कर्षा ओरडायची, "मेले!" हे मात्र क्रियापद. मी मेले. दारातून आजींचं "मेले!", खुर्चीतून हिचं "मेले!" असं रोज संध्याकाळी चालायचं. आजी दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज कितव्यांदा?" मग ही म्हणायची, "आले गं, दोन मिनिटं." आणि यायचीही. दोन मिनिटांत नाही, पण यायची.

एका शब्दात दोन शब्द राहत होते. घरात त्याची कोणाला अडचण नव्हती.

त्या संध्याकाळी आजी स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत मशीनमधले कपडे काढत होत्या. उत्कर्षाची आई, अपेक्षा, खाली सोसायटीच्या ट्रॅकवर कानात गाणी घालून चालायला गेली होती. योगेश आतल्या खोलीत कॉलवर होता. मी उत्कर्षाच्या डोक्यावर. खेळ ऐन रंगात, आणि आतून हाक आली.

"मेले गं..."

मी जुन्या पद्धतीचा साधा हेडफोन. बाहेरचा आवाज मला अडवता येत नाही. तिला हाक नीट ऐकू आली आणि तिने उत्तरही दिलं, "आले गं आजी, दोन मिनिटं!"

पुन्हा एकदा आली. "मेले..." जरा बारीक.

"आले म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा आली नाही.

डाव संपला. उत्कर्षाने मला गळ्यात उतरवलं आणि आत गेली. ओले कपडे बादलीच्या बाहेर सांडले होते आणि आजी त्यांच्यात पडल्या होत्या. "आजी! ए आजी, ऊठ!" ती ओरडली. माझी दांडी तिच्या हनुवटीजवळ होती, बिनतारी होतो म्हणून जोडलेलाच होतो. माझ्या कानांतून साईनाथचा आवाज आला, "कोण पडलं? उठव ना मग, तू जवळच हायेस." त्यांच्या खेळात पडलेल्या भिडूजवळ बसून एक बटण दाबून धरलं की तो उठतो.

ती जमिनीवर बसली होती. आजींचा हात तिने दाबून धरला होता.

"उठत नाहीये रे."

मग तो म्हणाला, "उत्कर्षा, ह्यो गेम हाय का खरं हाय?"

तिने आजींचा खांदा हलवून पाहिला.

"गेम सोड. पप्पांना हाक मार. मोठ्यांदा मार. एकशेआठ लाव. उत्कर्षा, हाक मार!"

तेव्हा तिने किंकाळी फोडली, आणि योगेश बाहेर आला.

आजी तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारल्या. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि वाक्य तिथेच सोडून पुढच्या पेशंटकडे गेले. ते अर्धं वाक्य घरी आलं आणि ज्याला जसं हवं तसं त्याने ते पुरं केलं.

दिवसांना आलेल्या नातेवाइकांनी ते दुपारच्या चहाच्या आत पुरं केलं. पोरगी आतल्या खोलीत खेळत होती, आणि म्हातारी बाहेर तडफडत होती. मारामारीचे खेळ खेळून पोरं अशीच दगड होतात. बघा, रडलीसुद्धा नाही.

रडली नव्हती, हे खरं होतं. ती कोणाशीच काही बोलत नव्हती. तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. सगळे तिच्याविषयी बोलत होते, आणि ते तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. माझ्यातला खेळाचा आवाज मध्ये नव्हता ना आता.

महिन्याभराने सोसायटीने क्लबहाउसमध्ये व्याख्यान ठेवलं, 'हिंसक खेळ आणि आपली मुले'. चेअरमन आप्पासाहेब योगेशला म्हणाले, "योगेशराव, तुम्ही अनुभव सांगा. आणि ते यंत्र आणा. लोकांना दिसलं पाहिजे." म्हणून मला पिशवीतून नेलं आणि पाण्याच्या बाटलीशेजारी टेबलावर ठेवलं. पहिल्या रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे मुद्देमालाकडे बघावं तसं पाहिलं. मागच्या रांगांतले निम्मे कानात काहीतरी घालून बसले होते.

योगेशने अनुभव सांगितला. त्याचा आवाज दोनदा फुटला. तो म्हणाला, "आई हाका मारत होती, आणि माझ्या मुलीच्या कानांवर हे होतं."

समुपदेशक बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, अशा खेळांनी काय होतं यावर जाणकारांचंच एकमत नाही; लहान वयात फार वेळ ते नकोतच; पण खेळ मुलाच्या हातात कोणी दिला, किती वेळ दिला, आणि त्या वेळात घरातली मोठी माणसं कुठे होती, हेही विचारायला हवं. हे सभेला फारसं आवडलं नाही. लोकांना बंदी हवी होती. मग जबाबदार कोण यावर चर्चा झाली. खेळ बनवणाऱ्या कंपन्या जबाबदार ठरल्या, सरकार ठरलं, शाळा ठरली, दोन चिनी ब्रँड ठरले. माझंही नाव निघालं. हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कोणाचंच निघालं नाही. मग चहा आणि वेफर्स होते.

रविवारी सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येणार होती. सकाळी योगेश एक खोकं घेऊन घरभर फिरत होता. जुने चार्जर, बंद पडलेला राउटर, दिवाळीची न लागणारी माळ. मला घ्यायला तो उत्कर्षाच्या खोलीच्या दारात आला आणि थांबला.

मी तिच्या डोक्यावर होतो. कॉम्प्युटर बंद होता. मला कशालाही जोडलेलं नव्हतं. तिने माझी दांडी तोंडापुढे ओढली होती आणि ती हळू आवाजात म्हणत होती, "आले गं आजी. आले. आले गं."

"उत्कर्षा?" योगेश म्हणाला.

तिने मागे पाहिलं नाही. "मला ऐकू आलं होतं, बाबा. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, मला ऐकू नाही आलं म्हणून. आलं होतं. ती 'मेले गं' म्हणाली. मला वाटलं, मला हाक मारतेय. रोजच्यासारखी." तिने माझी दांडी वर सारली. "ती मला हाक मारत नव्हती, बाबा."

योगेश खोकं हातात धरून उभा होता. त्याच्या खिशात फोन थरथरत होता. तो वाजायचा थांबला, पुन्हा वाजला. योगेश बिछान्याच्या कडेवर बसला. खोकं त्याने खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "मी म्यूटवर होतो तेव्हा. हेडफोनचा एक कान बाजूला सारून ठेवला होता."

ती वळली.

"मीही ऐकलं. दोन्ही वेळा. मलाही वाटलं, तुलाच हाक मारतेय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू निदान उत्तर तरी दिलंस."

तेव्हा ती रडली. महिन्याभराचं एकदम रडली. मी तिच्या डोक्यावरून घसरून गळ्यात आलो आणि दोघांच्या मध्ये चेपलो गेलो. माझ्या डाव्या कानाचा प्लास्टिकचा तुकडा तिथेच निघाला. मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, गोष्ट इथे थांबली असती तर मी म्हटलं असतं, झालं, कळलं. पण योगेशने हे तिला सांगितलं, तेवढंच. अपेक्षाला सांगितलं नाही. क्लबहाउसमध्ये सांगितलं नाही. सोसायटीच्या बोर्डावर अजून कागद लागलेला आहे, 'एका आजीचा बळी', आणि खाली खेळाचं नाव. उत्कर्षा शाळेत जाताना त्याच्यापुढून जाते आणि खाली बघते. तो कागद काढायला बाबांना एक हात लागेल. तो अजून लागलेला नाही.

त्या रविवारी गाडी आलीच नाही; आता पुढच्या गाडीची वाट बघत मी गेटजवळ खोक्यात आहे, राउटर आणि माळेच्या मध्ये. मला मोडतील, तांबं वेगळं काढतील, प्लास्टिक वेगळं. त्याआधी एक मागणं आहे, तुमच्याकडे आणि तुमच्या आईबाबांकडे. तुमच्या घरातला हेडफोन पुसत जा. तो तुटला तर दुरुस्त करा. पण हे न जमलं तरी चालेल. घरातून कोणी हाक मारली, कितीही रोजची वाटली, तरी 'आले' म्हणू नका.

जा.