खालून दिलेली ओ

धाकू पार्सेकर लिफ्टमन होता, आणि लिफ्टमन म्हणजे बटण दाबणारा माणूस असं कुणी म्हटलं की त्याचा पारा चढायचा. पणजीतल्या त्या जुन्या सरकारी इमारतीची लिफ्ट पोर्तुगीज अमलात बसवलेली, चारी बाजूंनी लोखंडी जाळीची. तिला बटण नव्हतंच. पितळी दांडा होता. तो नेमका कुठे सोडायचा हे फक्त धाकूच्या मनगटाला माहीत. दुसऱ्या कुणी हात लावला की लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबायची आणि आतल्या साहेबाला मांडी वर करून बाहेर चढावं लागायचं. सत्तर साली तो पेडण्यातल्या पार्शाहून येऊन नोकरीला चिकटला, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती.

या लिफ्टचा आणखी एक उपयोग होता, तो मात्र सरकारच्या कुठल्याच कागदावर नव्हता. तिसऱ्या मजल्यावर घरा-जमिनीची अपिलं चालत. तिथे बसायला एकच बाक, तोही वकिलांनी अडवलेला. म्हणून पेडण्या-डिचोलीकडची थकलेली माणसं तळमजल्यावर लिफ्टपाशीच बसत. वरून शिपाई गुरुदास जाळीला तोंड लावून नाव पुकारायचा, ते पोकळीतून सरळ खाली यायचं. धाकू मान वर करून "हजर!" अशी खणखणीत ओ द्यायचा आणि त्या माणसाला घेऊन निघायचा. गुरुदास आत जाऊन सांगायचा, "पार्टी लिफ्टीत आसा, साहेब." साहेब आले नि गेले, पण धाकूची ओ म्हणजे पार्टीची हजेरी, हा रिवाज कुणी मोडला नाही.

मग नवी लिफ्ट आली. शेजारीच नवी जागा काढून बसवली. चकचकीत पत्र्याची, आत आरसा, दारं आपोआप मिटणारी. रविवारी जुनी बंद झाली आणि कुणी आत पडू नये म्हणून मजल्यामजल्यावर तिच्या जाळीवर प्लायवूड ठोकलं गेलं. धाकूला नव्या लिफ्टपाशी प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. तिच्यावर बसून काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. सरकारला तेवढी सवड कुठून असणार!

सोमवारी साडेदहाला चंद्रावती आली. नार्व्याची, सत्तरी ओलांडलेली. तिचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत होतं. तीन पिढ्या तिथेच नांदल्या, तरी ते तिच्या नावावर होत नव्हतं म्हणून हे अपील. गेल्या वर्षी गुडघा मोडून ती पडून होती, तेव्हा गैरहजर म्हणून केस काढून टाकली होती. साहेबांचे पाय धरून तिने ती एकदा उघडून घेतली. साहेबांनी तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा गैरहजर राहिलीस तर दार बंद. धाकूला हे सगळं ठाऊक होतं. लिफ्टमनला लोक सगळं सांगतात.

"वर वचू मरे, पुता?" तिने विचारलं.

"कित्या घाई करतस, मावशे? थय उभ्यान ऱ्हवाचा लागताला. हय पंख्याखाली बस. नाव पुकारल्यार मी ओ दितंय."

"तू आसस म्हणान बरा," म्हणत ती बाकावर टेकली आणि दुखरा पाय लांब केला. कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरली. नव्या लिफ्टकडे बघून म्हणाली, "ह्या कपाटात माणसां घालतत?"

धाकू मनापासून हसला. कालपासून तेवढंच कुणीतरी त्याच्या मनातलं बोललं होतं. मग दोघं बोलत बसली. शिरगावच्या जत्रेचं, खाणीच्या धुळीचं, भरतीला शेतात शिरणाऱ्या पाण्याचं. बोलताना धाकूचा एक कान नेहमीसारखा वर होता. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. वरून काही येईना. साहेब उशिरा आले असतील, त्याला वाटलं. साहेब वेळेवर येतात कधी!

नव्या लिफ्टची दारं उघडली आणि भाटकाराचा वकील फाईल काखेत मारून बाहेर आला. आरशात बघून त्याने केसही नीट केलेले दिसत होते.

"चंद्रावती नार्वेकराची केस?" धाकूने उठून विचारलं.

"झाली. बाई आयलीच ना, गैरहजर," वकील चालता चालता म्हणाला.

धाकूची नजर जुन्या लिफ्टकडे गेली. जाळी दिसत नव्हती. नवंकोरं, गुळगुळीत प्लायवूड होतं. काल ते ठोकताना त्याने स्वतः खिळे धरले होते. बाईला मीच बसवली, मीच.

"चल मावशे, बेगीन!" त्याने तिला दंडाला धरून उठवलं. तोवर दारं मिटली होती आणि लिफ्ट वर निघून गेली होती. त्याने बटण दाबलं, परत दाबलं. ती प्रत्येक मजल्यावर निवांत थांबत होती. जिन्याला चौसष्ट पायऱ्या. त्याने म्हातारीच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि जिन्याचा विचार सोडला. जुनी असती तर एव्हाना वर पोचलो असतो, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

अखेर लिफ्ट आली. दारं मिटली, आणि बंद पत्र्याच्या त्या खोक्यात, छताकडे मान करून, धाकू ओरडला, "हजर! चंद्रावती नार्वेकर हजर!" थोड्या वेळाने पुन्हा ओरडला. त्याचं त्यालाच ते वेड्यासारखं वाटलं.

वर गुरुदास रडकुंडीला आलेला. "तीनदा पुकारलंय रे. फळयेक कान लावन ऱ्हवलंय. तुजी ओ येवक ना."

दोघं तिला आत घेऊन गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "लिफ्टमनने ओ दिली की हजेरी, हे कुठे लिहिलंय?" त्यांनी विचारलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. "सही झाली. आता माझ्या हातात काही नाही."

"पण तेणां ओ दिली, साहेबा," चंद्रावती पुढे होऊन म्हणाली. "दोनदा दिली. माज्या कानांनी आयकलंय मी."

साहेबांनी दुसरी फाईल उघडली.

खाली येताना लिफ्टमध्ये ती दोघंच होती. ती आरशाला पाठ करून, पिशवी छातीशी धरून उभी होती.

"पुता," तिने विचारलं, "मगे आता फुडली तारीक कधीची?"

धाकूने ऐकलं. दारं उघडेपर्यंत तिने आणखी एकदा विचारलं, तेही त्याने ऐकलं. एकोणतीस वर्षं ज्याच्या त्याच्या नावाला त्याने ओ दिली होती.