उणे नऊ

"ताई, तुम्ही स्वतः कधी कॉपी केलीये का?"

भर वर्गात हे मीच विचारलं, पण प्रश्न माझा नव्हता, पैज तेवढी माझी होती. मधल्या सुट्टीत दोघींनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. एक फुटपट्टी, माझी शेजारीण, उंच आणि वागायला सरळसोट. दुसरी मागच्या बाकावरची भोंगा. ती कुजबुजली तरी शिपाईकाका डोकावून जातात. विचारलंस तर भोंग्याची खिडकीजवळची जागा आठवडाभर तुझी, असं ठरलं होतं.

ताई विद्यापीठातून आल्या होत्या. शाळेतली मुलं परीक्षेत कितपत कॉपी करतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. मला वाटलं, आता मुख्याध्यापकांकडे रवानगी. पण ताईंनी शांतपणे पर्समधून एक छोटी कापडी पिशवी काढली. तिच्यात शर्टाची दहा बटणं होती, पाच काळी, पाच पांढरी. त्यांनी हात घालून एक बटण मुठीत घेतलं, आपल्यापुरतं पाहिलं आणि परत टाकलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"बघा, केलीये," भोंगा म्हणाली.

"थांब जरा. नियम ऐक. काळं बटण आलं, तर काही का असेना, 'हो' म्हणायचं. पांढरं आलं तर खरं सांगायचं. मला कुठलं आलं होतं?"

कोणालाच माहीत नव्हतं.

"मग मी कॉपी केलीये का?"

भोंगा मान लांब करून पिशवीकडे बघायला लागली.

"तुम्हीही असंच करायचं," ताई म्हणाल्या. "कपाटामागे जायचं, बटण काढायचं, चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, नाव नाही. एकेकाचं गुपित मलासुद्धा कळणार नाही. पण तीन तुकड्यांची मिळून एकशेवीस मुलं आहेत. साधारण साठ जणांना काळं येईल, म्हणजे साठ 'हो' बटणाचे. त्यांच्यावर जितके 'हो' मिळतील, ते उरलेल्या साठातले खरे."

"मग नाणं का नाही उडवायचं?" फुटपट्टीने विचारलं.

"मागच्या शाळेत नाणीच दिली होती. अर्धा तास सगळा वर्ग बाकांखाली होता."

सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच मोठ्याने. कारण सांगते. दोन महिन्यांपूर्वी गणिताच्या खास तुकडीसाठी परीक्षा झाली, पन्नास गुणांची. जागा दहा. मला एक्केचाळीस मिळाले आणि मी दहावी आले. फुटपट्टीला चाळीस, ती अकरावी. आणि माझ्या एक्केचाळीसमधले दोन गुण तिच्या पेपरातले होते. एकच गणित, एकच नजर, दोन सेकंद.

त्याआधी मी वर्गात असून नसल्यासारखी होते. यादीत नाव लागलं आणि माझी जीभ सुटली. वक्तृत्वस्पर्धा काय, मुख्याध्यापकांना प्रश्न काय, विचारू नका. बाबांनी तर कमालच केली. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासायच्या तक्त्याखाली त्यांनी ती यादी चिकटवली. गिऱ्हाईक मोठ्या अक्षरांपासून खाली येत येत शेवटच्या बारीक ओळीपर्यंत पोचलं, की तिथे माझं नाव. वाचता आलं तर बाबा म्हणतात, "नजर उत्तम." नाही आलं, तर चष्मा लागतो. अख्ख्या गल्लीचा नंबर माझ्या नावावर ठरतो. आणि ते नाव तिथे फुटपट्टीच्या जागेवर बसलेलं.

माझी पाळी आली. कपाटामागे नकाशांच्या गुंडाळ्यांचा धुळकट वास होता. पिशवीत हात घातला. पांढरं.

मी चिठ्ठी कपाटाच्या पाठीवर टेकवली. मग 'हो' लिहिलं. बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं, की खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसले आणि भोंग्याला म्हटलं, "सरक, ही आता माझी." कोणी ओळखणार नव्हतं आणि मी खरं बोलले होते. दोन्ही एकदम. असा सौदा रोज थोडाच मिळतो.

दुसऱ्या दिवशी ताई प्रयोगशाळेतल्या स्टुलावर डोकं धरून बसल्या होत्या. मी पाण्याची बाटली शोधायला गेले होते.

"काय झालं, ताई?"

"एकशेवीस चिठ्ठ्यांत 'हो' किती असतील?"

"साठ तरी असतीलच. वर आणखी थोडे."

"एक्कावन्न. साठ वजा केले की काय उरतं?"

"उणे नऊ."

"म्हणजे तुमच्या शाळेत उणे नऊ मुलांनी कॉपी केलीये."

मी विचार केला. उणे मुलगी करते तरी काय? दुसऱ्याचं बघून लिहीत नाहीच, वर आपलं बरोबर आलेलं उत्तरही खोडून येते? ताईंना ते सांगितलं. त्या हसल्या, पण डोळे काही हसले नाहीत. "शुक्रवारी मला परत जायचंय. आमचे सर म्हणतील, बटणं मोजता येत नाहीत तुला."

मुख्याध्यापकांना मात्र हा आकडा भलताच आवडला. त्यांनी दारातूनच विचारलं, "उणे म्हणजे शून्यापेक्षाही कमी ना? मग आपण प्रार्थनेच्या वेळी जाहीर करू." ताईंनी त्यांना कसंबसं थोपवलं.

सुट्टीत मी खिडकीजवळच्या जागेवर फुटपट्टीला बोलावलं आणि उणे नऊची गोष्ट रंगवून सांगितली. ती हसली नाही.

"मला काळं आलं होतं," ती म्हणाली. "मी 'नाही' लिहिलं."

"अगं, काळ्याला 'हो' लिहायचं होतं."

"मी केलीच नाहीये कॉपी. मग 'हो' का लिहू? बटण म्हणतं म्हणून?"

"नाव कुठे होतं चिठ्ठीवर?"

"अक्षर माझंच होतं ना," ती म्हणाली, आणि डबा उघडला. तिच्या मते विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र दिवा लागला. आमच्या शाळेत फुटपट्ट्या कितीतरी असणार. ताईंच्या हिशेबात सगळी माणसं धरली होती, फक्त ही जमात राहून गेली होती: खरं बोलायला बिचकत नाहीत आणि सांगितलं तरी खोटं लिहीत नाहीत. मी तडक प्रयोगशाळेत गेले. फुटपट्टीचं नाव न घेता सगळं सांगितलं.

ताईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी प्रामाणिक मुलांना खोटं बोलायला लावलं."

"'हो-नाही' काढूनच टाका ना, ताई. काळं आलं तर चौकट काढायची. पांढरं आलं तर कॉपी केली असल्यास चौकट, नसल्यास गोल. चौकट काढायला कोणाचं काय जातंय?"

ताईंनी हातातल्या कागदावर एक चौकट आणि एक गोल काढून पाहिला. मग म्हणाल्या, "तू गणिताच्या खास तुकडीत आहेस, नाही का?"

"हो," मी म्हटलं. यावेळी बटण नव्हतं.

गुरुवारी पुन्हा चिठ्ठ्या झाल्या. मी कपाटामागे गेले तेव्हा मनाशी ठरवून गेले होते. यावेळीही पांढरंच येऊ दे, मी ठळक चौकट काढीन, कोपरे अगदी काटकोनात. पिशवीत हात घातला. काळं.

आता चौकट तर काढायचीच होती. पण ही चौकट माझी नव्हती, बटणाची होती. मी कधीच कॉपी केली नसती तरी हुबेहूब हीच काढली असती. मला राग आला, आणि राग कोणाचा ते कळेना, कारण बटणाने काही वाईट केलं नव्हतं. उलट त्याने मला पाठीशी घातलं होतं. ते काम मी दोन महिने स्वतःच करत होते.

एकाहत्तर चौकटी निघाल्या. साठ वजा, उरल्या अकरा. "पांढऱ्या साठातले अकरा," ताई म्हणाल्या. "म्हणजे साधारण पाचात एक, थोडं इकडेतिकडे."

"थोडं म्हणजे किती?"

"बरंच," त्या मोकळेपणाने म्हणाल्या. "एवढ्याशा चिठ्ठ्यांवर छातीठोकपणे नाही सांगता यायचं. पण उणे मुलगी तरी गेली."

शाळा सुटल्यावर मी फुटपट्टीला फाटकाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कोपरा येईपर्यंत ती भराभर पुढे चालत राहिली.

"कुठलं गणित?"

"सातवं. टाकीचं."

"ते मी दोनदा खोडलं होतं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. पहिलं बघितलं असतंस तर?"

"मग तू दहावी आली असतीस."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली. आणखी जरा चालून पुढे म्हणाली, "चिडलेय मी. उद्यापर्यंत चिडणार आहे. मग बघू."

दुकानात बाबा एका आजोबांचे डोळे तपासत होते. आई रक्त तपासायच्या लॅबमधलं काम संपवून परस्पर तिथेच आली होती आणि काउंटरवर चष्म्यांच्या डब्या पुसत होती. तिला कुठलाही आकडा सांगा, ती पहिल्यांदा विचारते, "दुसऱ्यांदा मोजलंस?"

"आता शेवटची ओळ," बाबा म्हणाले. आजोबांनी डोळे बारीक केले आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर लावायला लागले.

"बाबा, थांबा," मी म्हटलं, आणि यादीचे वरचे दोन कोपरे सोडवले. "ही ओळ चुकलीये. त्यातले दोन गुण फुटपट्टीचे आहेत, मी तिचं बघून लिहिलं होतं."

बाबांच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. आईने डबी खाली ठेवली.

"आई, तू विचारतेस ना, दुसऱ्यांदा मोजलं का. माझं नाही मोजलेलं. म्हणून मी उद्या सकाळी मुख्याध्यापकांकडे जाणार आहे. नवा पेपर मागणार आहे, एकटीला, त्यांच्या टेबलासमोर बसून. आणि त्याचा निकाल काहीही लागो, दहावी जागा उद्यापासून फुटपट्टीची."