जुनाच आकडा

एकाच माणसाला घरी 'बाबा' आणि ऑफिसात 'सर' म्हणायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. याच्यावर ती आली होती, आणि नऊ वर्षं झाली तरी सरली नव्हती. सासरा हुशार, त्यात वाद नाही. रुग्णालयात खाटेशेजारी नाडीचे ठोके दाखवणारा मॉनिटर असतो ना, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा निम्मा गाभा म्हाताऱ्यानं एकट्यानं लिहिलेला. पण जीभ! जावयाला मान देऊनच तो त्याची सालं काढायचा. "जावईबापूंना घाई करू नका, त्यांचं डोकं तापतं." "जावईबापूंचा कोड जपून उघडा, अंगावर कोसळेल." सगळा विभाग खो खो हसायचा आणि हाही हसायचा, न हसून जातो कुठे? हळूहळू सगळेच त्याला जावईबापू म्हणायला लागले, चहावालासुद्धा. खरं नाव उरलं ते हजेरीच्या यादीत.

हे 'जावईबापू' एक दिवस म्हाताऱ्याच्याच घशात घालायचं, एवढी एकच इच्छा त्यानं नऊ वर्षं जिवापाड सांभाळली होती. ती फळाला आली एका मेलेल्या बाईच्या पायी.

झालं असं, की एका रुग्णालयात एक आजीबाई भर दुपारी गेल्या आणि त्यांचा मॉनिटर पुढं चाळीस मिनिटं बहात्तर ठोके दाखवत राहिला. नर्स दोनदा आली, बहात्तर लिहून गेली. तिसऱ्यांदा तिनं पांघरूण सारखं करायला हात लावला, तर हात गार. चौकशी लागली. शुक्रवारी चौकशीच्या बाई येणार होत्या, आणि त्याआधी दोष सापडायला हवा होता. म्हाताऱ्याचा कोड म्हाताऱ्यानंच तपासणं बरं दिसणार नाही, म्हणून काम याच्याकडे आलं. याला आतून उकळ्या फुटल्या. देवा, तुझं लक्ष आहे म्हणायचं!

काम मात्र त्यानं चोख केलं, ते कबूल करायला हवं. मॉनिटर टेबलावर लावला आणि मेमरीचा एक एक तुकडा मोजायला बसला. नाडीचा आकडा आला की सिस्टीम त्याला मेमरीतला छोटा तुकडा द्यायची, आणि आकडा पडद्यावर गेला की तुकडा परत घ्यायची. दिले किती, परत आले किती, एवढंच बघायचं होतं. दोन दिवस हिशेब चोख जुळला. तिसऱ्या दिवशी त्यानं, नर्स दाबते तसं, भोंगा बंद करायचं बटण दाबलं आणि एक तुकडा परत आलाच नाही. पुन्हा दाबलं. आणखी एक गेला. गर्दीच्या वॉर्डात ते बटण दिवसभर दाबलं जातं. मॉनिटर मधे एकदाही बंद केला नाही, तर एकोणीस दिवसांत मेमरी काठोकाठ भरायची आणि नव्या आकड्याला जागाच उरायची नाही.

ती गळती एका ओळीत बुजली. पण नव्या आकड्याला जागा नाही म्हटल्यावर मॉनिटरनं बोंब ठोकायला हवी होती. त्यानं बहात्तर का दाखवले? तो आणखी खाली उतरला, आणि तिथं कोडच्या एका ओळीला जोडून साध्या मराठीत लिहिलेली टीप सापडली: 'जागा मिळाली नाही तर जुनाच आकडा राहू दे.' खाली सही.

त्या ऑफिसात प्रत्येक बदलाखाली आपल्या नावाचं आणि आडनावाचं पहिलं अक्षर टाकायची रीत होती. तारखा मध्यंतरी सगळं नव्या यंत्रावर हलवताना पुसल्या गेल्या होत्या, अक्षरं तेवढी राहिली होती. दोन अक्षरं. सासऱ्याची! हा खुर्चीतच मागं रेलला आणि किती तरी वेळ नुसता त्या दोन अक्षरांकडे बघत बसला. लग्नातसुद्धा एवढा सुखावला नव्हता.

गुरुवारी म्हातारा त्याच्या टेबलाशी आला. उभाच राहिला.

"सापडलं म्हणे."

"सापडलं, सर."

"दुरुस्ती कर. दोष दाखव. सहीचं तेवढं राहू दे. घरच्याच माणसाला सांगतोय."

नऊ वर्षांत म्हातारा पहिल्यांदा त्याला एकेरीत बोलला होता, आणि तेही आवाज खाली घेऊन. दुसरा एखादा विरघळला असता. याला वाटलं, आता कशी तंतरली!

"असं कसं, सर? एक बाई मेली आहे," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, म्हणजे शेजारच्या टेबलांना ऐकू जावं.

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मिटलं.

शुक्रवारी सगळा विभाग जमला. यानं गळती समजावली, दुरुस्ती दाखवली. शेवटी ती ओळ भिंतीएवढी मोठी करून पडद्यावर लावली आणि शाळेत धडा वाचतात तशी ठासून वाचली. मग वळला.

"सर, ही अक्षरं कुणाची?"

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर याला बरं वाटलं असतं. राग नव्हता.

"माझीच," म्हातारा म्हणाला.

चौकशीच्या बाईंनी लिहून घेतलं. "म्हणजे माणूस गेला तरी चालेल, आकडा हलता कामा नये, असं तुम्हाला वाटलं?"

"चूक झाली."

"चाळीस मिनिटं, सर," हा मधेच म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "बहात्तर." या वेळी कुणीही हसलं नाही, आणि ते त्याला फार गोड लागलं.

म्हाताऱ्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. दाराशी याच्याजवळ थांबला. "घरी मात्र बोलू नकोस रे. हात जोडतो."

हात खरंच जोडले होते. लाज वाटतेय लेकीची, यानं ताडलं. आणि लाज वाटतेय म्हटल्यावर हा गप्प बसतोय होय!

संध्याकाळी बायको इस्त्री करत होती. मुलगी शाळेत रमली म्हणून ती सोमवारपासून त्याच ऑफिसात परत रुजू होणार होती. सोमवारचे कपडे खुर्चीवर घडी घालून ठेवले होते. यानं चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. "तुझ्या बाबांचं आज भर सभेत नाक कापलं गेलं." मग तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. ती बाई, ते बहात्तर, ते ओळखपत्र.

"ओळ काय होती?" तिनं विचारलं.

"अगं, काय सांगू! म्हणे, जागा मिळाली नाही तर..."

"जुनाच आकडा राहू दे," ती म्हणाली.

तो थांबला. "तुला कसं माहीत?"

"मी लिहिली म्हणून. मधेच पडदा कोरा व्हायचा, नर्सा घाबरायच्या, तक्रारी यायच्या. तात्पुरती घातली होती. दुसऱ्या दिवशी काढणार होते."

"पण सही बाबांची आहे!"

"लग्नाआधी माझं नाव काय होतं? सांग ना."

त्यानं मनात म्हणून बघितलं. नाव, आडनाव. तीच दोन अक्षरं.

"तू तर तपासणी विभागात होतीस."

"तू आलास तेव्हा. त्याआधी दोन वर्षं मी काय करत होते, नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. तिनं इस्त्री बंद केली. पर्स घेतली.

"कुठं निघालीस? हे बघ, कुणाला काही कळणार नाही. बाबांनी घेतलंय ना अंगावर? मिटलंय सगळं!" तो दारात आडवा झाला. "उद्या तुझंच नाव लागेल. सोमवारचं विसर मग. वेड लागलंय का तुला?"

"ती बाई माझ्या ओळीनं गेली," ती म्हणाली. "आणि बाबांचं नाक तू कापलंस."

"मला काय ठाऊक होतं?"

ती पायांत चपला सरकवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आजवर ती त्याला अरे-तुरेच करत आली होती.

"बाजूला व्हा, जावईबापू," ती म्हणाली.

आणि नऊ वर्षांची सवय, तो मुकाट्यानं बाजूला झाला.