खैरझऱ्याच्या सरपंचांचा शिक्का

मी शिक्का आहे. अंगठ्याएवढा, खाली रबर, वर काळी मूठ. 'सरपंच, ग्रामपंचायत खैरझरा, ता. केळापूर' एवढंच माझ्यावर कोरलेलं आहे. माणसाचं नाव नाही. त्यामुळे ज्याच्या हातात असेन, त्याचा मी.

विमलताई निवडून आल्या त्या आठवड्यात यवतमाळच्या एका दुकानात मला बनवलं. आणायला त्यांचे यजमान पुंडलिकराव आले होते. घरी नेल्यावर विमलताईंनी मला देवापुढे ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. पुंडलिकरावांनी कुंकू पुसलं आणि मला सदऱ्याच्या खिशात टाकलं. पुढे मी त्या खिशातच राहिलो, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुडीशेजारी. विमलताई सही करायच्या, पुंडलिकराव मला मारायचे. त्यांच्या घरात यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

दरवर्षी यवतमाळला सरपंच आणि ग्रामसेवकांचं संमेलन भरतं, लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. पुंडलिकराव पुढच्या रांगेत बसायचे. विमलताई मागे, बायांमध्ये. तिथे उद्घाटनाच्या दिव्याला वात कमी पडली की तेल जास्त झालं यावर बोलणं व्हायचं, मग जेवण, मग परतीची गाडी. एका साहेबांनी एकदा विचारलं, "खैरझऱ्याचे सरपंच कोण?" तर पुंडलिकराव हसून म्हणाले, "मलेच समजा ना, साहेब." मागच्या रांगेत विमलताईही हसल्या होत्या.

यंदा सोयाबीन निघायच्या दिवसांत पुंडलिकराव मोटारसायकलने वणीला निघाले होते. समोरून कोळशाचा ट्रक आला. तेव्हाही मी खिशातच होतो.

दवाखान्यातून त्यांचे कपडे पिशवीत घालून दिले. विमलताईंनी खिसा उलटा केला, मी बाहेर पडलो. त्यांनी मला मोरीत धुतलं, पदराने पुसलं आणि मिठाच्या बरणीमागे ठेवून दिलं. तेराव्यापर्यंत बाया येऊन बसायच्या आणि आपसात कुजबुजायच्या, "रडून नाई राह्यली थे. मोकळी व्हाले पायजे." विमलताई चहा ठेवायच्या, कप विसळायच्या. कुणी काही म्हटलं की "बरं" म्हणायच्या.

धाकटा दीर मारोतराव आला तेव्हाही त्या "बरं"च म्हणतील असं मला वाटलं होतं.

"वहिनी, शिक्का मायापाशी द्या. पंचायतीचं मी पाहून घेतो. तुमी सही तेवढी करत जा."

"पाहू," विमलताई म्हणाल्या. बरणीमागे हात मात्र गेला नाही.

मग संमेलनाचा दिवस आला. मारोतराव कडक इस्त्री करून दारात गाडी घेऊन उभा. विमलताई मागच्या सीटवर बसल्या. निघताना त्यांनी मला कमरेच्या बटव्यात टाकलं होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वाटभर त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, पण कपाशी पाहत होत्या असं काही नाही.

सभागृह तेच होतं. दीप लागला, पुष्पगुच्छ झाले. मग सूत्रसंचालकाने गंभीर आवाज काढला. वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली. दोन-तीन नावांनंतर तो म्हणाला, "आणि खैरझऱ्याचे कर्तव्यदक्ष सरपंच कै. पुंडलिकराव. आपण सर्वांनी उभं राहावं."

सगळे उभे राहिले. विमलताईही उभ्या राहिल्या. हात बटव्यावर, मान खाली. गावचा सरपंच मेला म्हणून त्या उभ्या होत्या, आणि सरपंच त्याच होत्या. बटव्यातून मला त्यांचा श्वास कळत होता. तो एका लयीत चालला होता, झोपलेल्या माणसासारखा.

जेवणाच्या वेळी मारोतराव गावातल्या पाण्याच्या टाकीच्या ठेकेदाराला घेऊन त्यांच्या टेबलाशी आला. ठेकेदाराच्या हातात कागद तयार होता. टाकीचं काम पूर्ण झालं, नळाला पाणी आलं, असं त्यावर छापलेलं.

"वहिनी, सही करा. आन् शिक्का काढा."

विमलताईंनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. हात बटव्यात आला, बोटं माझ्याभोवती मिटली. मला वाटलं, आता काढतील.

"टाकीत पाणी कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"येते ना ताई, पुढच्या महिन्यात," ठेकेदार म्हणाला.

"मंग पुढच्या महिन्यात मारू शिक्का."

ठेकेदाराने मारोतरावाकडे पाहिलं. "हे काय बोलून राह्यल्या या? तुमी तं म्हणत होते, सरपंच वारले, आता सारं तुमीच पाहता."

विमलताई भांड्यांचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "सरपंच नाई वारले. माहा नवरा वारला. सरपंच मी होय."

ताट तसंच ठेवून त्या उठल्या आणि व्यासपीठाकडे गेल्या. सूत्रसंचालक कागद लावत होता.

"मघाशी तुमी चुकीचं वाचलं, भाऊ. दुरुस्त करा."

"ताई, श्रद्धांजली झाली आता. कायले पुन्हा?"

त्या माईकशेजारीच उभ्या राहिल्या. शेवटी दुपारच्या सत्राआधी त्याने माईकवर सांगितलं की खैरझऱ्याच्या सरपंच विमलताई आहेत आणि त्या सभागृहात उपस्थित आहेत. कुणी हसलं, बायांच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. त्या टाळीनेही विमलताईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या पुढच्या रांगेत जाऊन बसल्या, एवढंच.

परतताना मारोतरावाची गाडी निघून गेली होती. त्या एसटीने आल्या. अजूनही तो त्यांच्याशी बोलत नाही. टाकी अजून कोरडी आहे.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसेविका रुपाली मॅडमनी पंचायतीत ठेकेदाराविरुद्ध तक्रार लिहून दिली: टाकीत पाणी नाही. विमलताईंनी सही केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला स्वतः मारलं. हलकेच टेकवलं. अर्धीच अक्षरं उमटली.

"उमटला नाही ताई," रुपाली मॅडम म्हणाल्या. "जोर द्या थोडा."

विमलताईंनी मला पुन्हा उचललं. पण कागदाशी आणून हात थांबला. कुणाला तरी लागेल, अशा भीतीने थांबतो तसा.

दाबा, बाई. सगळा जोर लावून दाबा. मला दुखत नाही.