तिसरी विद्यार्थिनी

निधीचं जावळ काढलं ते वर्ष दोन हजार तेवीस. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं, म्हणून अमिताचा भाऊ रणजित हफ्र अल बातिनहून पाच तास गाडी हाकत सौदीतल्या बुरैदाला बहिणीच्या घरी आला. घरी यायला न्हावी मिळेना, तेव्हा निधीच्या आजीने, सरूबाईने, स्वतःच कात्री हातात घेतली. त्या एका कामासाठी ती कुडाळजवळच्या आपल्या गावाहून, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा विमानात बसली होती. व्हिसा नव्वद दिवसांचा होता. नवऱ्याने, गोपीनाथने, निघताना बजावलं होतं की काजूच्या हंगामाला घरी पाहिजेस.

तिचा मुलगा पंकज बुरैदाच्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. सून अमिता पुण्याची. लग्नाआधी तिने इटालियन शिकून घेतलं होतं, आणि आता ती इटलीतल्या एका विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घरबसल्या करत होती. परदेशी लोकांना इटालियन भाषा आणि तिथली संस्कृती कशी शिकवायची, याचा तो अभ्यास.

"म्हणजे भाषा परक्यांची, शिकणारे परके आणि शिकवणारी पण परकीच," जेवताना रणजित म्हणाला. "ताई, सौदीत इटालियन म्हणजे वाळवंटात होड्या विकण्यातला प्रकार."

"तुझ्या भावोजींच्या हॉस्पिटलातल्या किती नर्सेस इटलीला जायच्या तयारीत आहेत, विचार त्यांना," अमिता म्हणाली. "त्यांना कोण शिकवणार? तू?"

पंकज भाताकडे बघत म्हणाला, "आधी तुझी परीक्षा तर होऊ दे."

परीक्षेची अट कडक होती. नुसते पेपर लिहून भागत नव्हतं. इटालियनचा गंधही नसलेली किमान तीन माणसं घ्यायची, त्याच तिघांना वीस तास शिकवायचं, आणि शेवटच्या धड्याचं चित्रण करून तिकडच्या मास्तरीणबाईंना पाठवायचं. मध्येच माणूस गळलं, तर वर्ष फुकट. अमिताने चार जणी जमवल्या होत्या. मार्च लागायच्या आधीच त्यातल्या दोघी केरळच्या नर्सेस ड्युटी बदलली म्हणून सुटल्या. उरल्या दोघी: खालच्या मजल्यावरची हैदराबादची नर्स इफरा आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणारी लखनौची मुन्नी.

अमिता दोन दिवस ओळखीच्यांना फोन करत राहिली, पण कुणी मिळेना. तिसऱ्या दिवशी सरूबाई लसूण सोलता सोलता म्हणाली, "तिसरी मी."

"आई, तुम्ही?"

"का? मला तरी कुठे येतंय इटालियन?"

सरूबाई शाळेत कधीच गेली नव्हती. छत्तीस वर्षांची असताना गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा ती कंदील घेऊन जाऊन बसली. गोपीनाथ तेव्हा गवंडीकाम करायचा. त्याने पाटी माळ्यावर टाकली होती आणि विचारलं होतं, "आता काय तलाठी होतलंस?" सरूबाईने शिडी लावून पाटी काढली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वर्गाला गेली. त्या दिवसापासून वाचायला येणारा माणूस तिला श्रीमंत वाटायचा, आणि न शिकू देणारा भिकारी.

तर वर्ग सुरू झाला. रमजान लागला तेव्हा इफराच्या रोज्याला जपून दुपारी तीनला. सरूबाई सगळं मराठीत लिहून घ्यायची आणि मोठ्यानं म्हणायची. उच्चार तिचा खणखणीत. मुन्नीला हसू यायचं.

"माँजी, आप तो झगड़ा कर रही हैं।"

"बोलना मतलब बोलना," सरूबाई म्हणायची.

संस्कृतीच्या धड्यात कळलं की इटलीत लोक सकाळी दुकानात उभ्या उभ्या कॉफी पिऊन निघून जातात. सरूबाईला ते मुळीच पटलं नाही. बुरैदात कुणाच्याही दारी गेलं तरी आधी बसवतात, खजूर देतात, मग कॉफी. "उभ्यानं पाणी आपण गुरांना दाखवतो," ती म्हणाली. "त्या मास्तरीणबाईंना कळव, इकडे येऊन बघा म्हणावं." अमिताने ते खरंच धड्याच्या टिपणात लिहिलं.

एप्रिलच्या अखेरीस चित्रण झालं. धडा कुटुंबाच्या ओळखीचा होता. इफराने नवऱ्याचं नाव सांगितलं, मुन्नीने सांगितलं. अमिताने तिसरीला विचारलं, "कोमे सी क्यामा तुओ मारीतो?" तुझ्या नवऱ्याचं नाव काय?

सरूबाईने पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. पन्नास वर्षांच्या संसारात तिने ते नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. तिच्या आईने सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं. ती म्हणाली, "पंकजचा बाबा," तेही मराठीत.

आठ दिवसांनी मास्तरीणबाईंचं उत्तर आलं. तिसरी विद्यार्थिनी प्रश्न टाळते आहे, शिक्षिकेला तिच्याकडून उत्तर काढता आलेलं नाही. पंधरा मेच्या आत धडा पुन्हा घ्या, नाहीतर हे वीस तास धरले जाणार नाहीत.

"मी त्यांना लिहिते," अमिता म्हणाली. "आमच्याकडे अशी पद्धत आहे म्हणून."

"काय लिहिशील? सासू अडाणी आहे म्हणून?"

"तसं नाही, आई."

"वाचणारी तसंच वाचणार."

इफराची सुट्टी फक्त शुक्रवारी, म्हणजे धडा बारा मेला. सरूबाईचा व्हिसा संपत होता अकराला, आणि पंकजने नऊचं तिकीट काढून ठेवलं होतं. त्याचाही नाइलाज होता, बापाचा रोज फोन यायचा.

"आई, बाबा एकटे आहेत. काजू पडून चाललेत," पंकज म्हणाला.

"तिकीट पुढचं कर. व्हिसा वाढव."

"व्हिसा वाढवायचा म्हणजे मला ॲपवर अर्ज टाकावा लागतो."

"मग टाक."

"एका व्हिडिओसाठी? अमिता पुढच्या वर्षी परत बसेल."

"पुढच्या वर्षी मी असेन का? आईला घालवायची असेल तर नको टाकूस अर्ज. अकरा तारखेनंतर पोलीस आले तर त्यांना मी सांगेन, मुलाने ठेवलं नाही, मी शाळेसाठी राहिले."

"तुला इथे कुठले पोलीस भेटणार," पंकज पुटपुटला. अमिता ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

त्या संध्याकाळी गोपीनाथचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"सरू, बस झाला आता. काजी पडान कुजतत. घराक ये."

"हंय माझी शाळा आसा. शुक्रवार झालो काय येतंय."

"शाळा? ह्या वयात? घोवाचा आयकना नाय ती बायल कसली?"

"पन्नास वर्षां आयकलंय. ह्या शुक्रवारी आयकूचंय नाय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. पंकजने मोबाइल काढला, आईचा पासपोर्ट मागून घेतला आणि अर्ज टाकला. "खलास," तो म्हणाला. "वीस मेचं तिकीट बघतो. त्यापुढे एक दिवस नाही."

सरूबाई अमिताकडे वळली. "त्या बाईंना काही लिहू नकोस. प्रश्न पण बदलू नकोस."

"आई, तुमच्यावर जबरदस्ती नाही. मी मुलाचं नाव विचारते. मार्क गेले तर जाऊ देत."

"का जाऊ देत? त्याने माझ्या नावाने पन्नास वर्षं हाका मारल्या. माझं आयुष्य कुठे उणं झालं?"

शुक्रवारी नमाज आटोपून इफरा वर आली. मुन्नी धुतलेली ओढणी ओढून आली. पंकजने निधीला आतल्या खोलीत धरून ठेवलं. अमिताने मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर उभा केला आणि धडा सुरू केला. इफराचं झालं, मुन्नीचं झालं.

"कोमे सी क्यामा तुओ मारीतो?"

सरूबाईने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. हात मांडीवर ठेवले. मोबाइलच्या काळ्या ठिपक्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "मियो मारीतो सी क्यामा गोपीनाथ."

उखाणा नाही, लाजणं नाही. आणि विचारलं नव्हतं तरी पुढे आणखी म्हणाली की तो गवंडी आहे, तो कुडाळला राहतो, आणि मी इथे शिकते. मुन्नी या वेळी हसली नाही.

वीस तारखेला सरूबाई घरी निघाली. अर्धे काजू कुजले होते ते खरंच. गोपीनाथ आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. तिने मात्र घरीदारी सगळ्यांना सांगितलं, नाव घेतलं म्हणून. लपवण्यासारखं त्यात तिला काही दिसलं नाही. नवव्या दिवशी गोपीनाथ ताटावर बसून म्हणाला, "त्या भाषेतला नाव आपल्या देवाक कळाचा नाय. म्हणान मी वाचलंय."

"भात वाढू?" सरूबाईने विचारलं.

सप्टेंबरात अमिता पास झाली. तेव्हापासून ती बुरैदाच्या त्याच खोलीत बसून इटलीला जाणाऱ्या नर्सेसना शिकवते. पहिल्या तुकडीत अकरा जणी होत्या, त्यात इफराही. रणजितने होड्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळी झाली आणि गोपीनाथ अंगणात कोसळला. दहाव्याला त्याची बहीण ठकूबाई चार बायकांच्या देखत सरूबाईला म्हणाली, "घोवाक एकटो टाकलंस आणि वर त्याचा नाव घेतलंस. भोगलो तो."

बायका खाली बघू लागल्या. सरूबाई उठली, फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि ठकूबाईच्या पुढ्यात उघडून ठेवला. आत ब्लडप्रेशरच्या सुट्या गोळ्या होत्या. मी परत येऊन सहा महिने झाले, ती म्हणाली, रोज गोळी हातावर ठेवायचे, रोज तो ती न गिळता इथे टाकायचा. मोजून घे. नावाने माणूस मरत असता तर तू तुझ्या भावाला सत्तर वर्षं नावाने हाक मारलीस. माझ्या शिकण्यावर कुणाचं मरण घालू नका, मी ते घेणार नाही.

ठकूबाईने डबा हातात घेतला नाही. सरूबाईने डबा मिटून पुन्हा फळीवर ठेवला आणि पिंडाच्या तयारीला लागली.

गोपीनाथ वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, शुक्रवारी, सतरा नोव्हेंबर दोन हजार तेवीस रोजी, सकाळी दहाच्या सुमारास, राहत्या घरी वारला.